थकल्या हाताचा चिखल

हिराकाकी ओरडायची तेव्हा कानठळ्या बसायच्या, पण तिच्या ओरडण्याला आम्ही कुणी भीत नव्हतो. ती न बोलता शेजारी येऊन उभी राहिली की मात्र भीती वाटायची. तुम्ही टेबलावर मान घालून अर्ज लिहिताय, नाहीतर फोनवर कुणा तलाठ्याशी हुज्जत घालताय, आणि एकदम मिश्रीचा वास येतो. मान वर करावी तर ही उभी. कमरेवर हात, पदर खोचलेला, आणि तोंडात एकच शब्द, "उतर."

तिने मला तो शब्द पहिल्यांदा ऐकवला तेव्हा मी खुर्चीत बसले होते. सकाळपासून उठले नव्हते आणि आपण किती काम करतो याचं मनातल्या मनात कौतुक करत होते. "कुठून उतरू?" मी विचारलं.

"बांधावरून," ती म्हणाली. "सकालपासून चढलीयेस. डोले बघ कसे झालेत. खालच्या गनपतींना अजून आखनी नाय झाली, तरी त्यांचे डोले बरे."

आमच्या संघटनेची खोली पेणमध्ये, एका गणपतीच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली रांगेने मूर्ती बसलेल्या. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते, त्यामुळे वर्षातले कित्येक महिने आम्ही त्या बिनडोळ्यांच्या नजरेखालून जिना चढायचो. मी पेणचीच. आमच्या घरात सगळे शिक्षक, मीसुद्धा शाळेत होते. ती नोकरी सोडून मी संघटनेत आले. पेण-रोह्याकडच्या कातकरी वाड्यांची घरं, त्यांचे पाण्याचे प्रश्न, वीटभट्टीवर नेलेल्या कुटुंबांच्या तक्रारी, अशी आमची कामं. घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. त्यामुळे मला सिद्ध करून दाखवायचं होतं, आणि सिद्ध करायचं तर मरमर मरायला हवं असा माझा पक्का समज होता. हिराकाकी मला 'मास्तरीण' म्हणायची. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ती खाडीकडच्या गावातली, आगरी शेतकऱ्याची मुलगी. तरुणपण मिठागरात गेलं. टाचांना पडलेल्या भेगांत मीठ बसलंय ते अजून निघत नाही, असं ती सांगायची. संघटनेत ती आली भांडायला. आमच्या कुणीतरी तिच्या गावात सभा लांबवली आणि बायकांचा स्वयंपाक चुकला, म्हणून. भांडली, आणि मग राहिलीच. स्वभाव म्हणाल तर हेकेखोर. चहा तिने केला तरच चांगला, मोर्चातली घोषणा तिने दिली तरच खणखणीत. संध्याकाळच्या मालिकेची वेळ झाली की कलेक्टर समोर असला तरी तिची चुळबुळ सुरू व्हायची. आपल्या सुनेची ती लोकांसमोर तारीफ करायची आणि घरात तिला धारेवर धरायची. दिसायला देखणी होती, आणि ते तिला ठाऊक होतं.

पण कामाच्या बाबतीत तिचा एक कायदा होता, आणि तो बांधावरून आला होता.

खाडीच्या काठची शेतं समुद्राच्या पाण्यापासून वाचतात ती मातीच्या बांधामुळे. उधाणाच्या भरतीला कधी बांध फुटतो, त्याला तिकडे खांड गेली म्हणतात. खांड गेली की घरटी एक माणूस बांधावर. ओल्या चिखलाचे गोळे कापायचे, हातोहात पुढे द्यायचे, पुढच्याने ते दाबून बसवायचे. पुढे उभा असतो त्याच्यावर सगळं. त्याची बारी संपली की त्याला उतरवायचं, खायला घालायचं, आडवं करायचं, आणि दुसऱ्याने त्याच जागी चढायचं. काकी लहान असताना एकदा मोठी खांड गेली. तिच्या वडिलांकडे गावाचं पुढारपण. त्यांनी हट्ट धरला की पुढचे गडी चांगले आहेत, त्यांनाच ठेवा, बदलायला वेळ नाही. गडीही जिद्दीला पेटलेले. बांध उभा राहिला, नारळ फुटला, सगळे घरी जाऊन झोपले. पुढच्या उधाणाला तो बरोबर त्याच जागी फुटला. शेतात खारं पाणी शिरलं ते शिरलंच. जमीन पांढरी झाली, आणि पुढाऱ्याची लेक मिठागरात टोपली उचलायला गेली.

"थकल्या हाताचा चिखल बसत नाय गो," ती सांगायची. "दिसतो बसल्यावानी. आत भोक ऱ्हातं. पानी काय, त्ये भोकच शोधत असतं."

म्हणून तिने आम्हाला बाऱ्या लावून दिल्या होत्या. ज्याची बारी त्याने जीव तोडून करायचं, बारी संपली की फोन तांदळाच्या डब्यात. हो, तांदळाच्या डब्यात. खोलीत एक पत्र्याचा डबा होता, घरीही प्रत्येकाने तसाच ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी काकी बोटांना तांदळाचा वास येतो का ते हुंगून तपासायची. मी वाद घालायचे. कोर्टाची तारीख तोंडावर आलीये, माणसं अडचणीत आहेत, आणि आपण सुट्ट्या घेत बसायचं?

"तारीख म्हंजे उधान," ती म्हणायची. "येनार, जानार, परत येनार. तू एका भरतीला मरून दावलंस म्हनून समिंदर थांबनार हाय का?"

याचा मला राग यायचा. ती वर आणखी मीठ चोळायची. "गरिबाचं काम उपाशी रावून करायचं, ह्ये कुनी शिकवलं तुला? तुझ्या उपासानं त्याचं पोट भरतंय?"

तिच्या या हट्टाला आणखी एक कारण होतं, ते सगळ्यांना माहीत होतं पण कुणी बोलत नसे. संघटना ज्यांनी उभी केली ते भाऊ. भाऊंनी आयुष्यात एक दिवस विश्रांती घेतली नाही. मग एका सकाळी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेले, ते परत आले नाहीत. पेणच्या स्टँडवर मला ते एकदा दिसले. मी हात केला. त्यांनी मान वळवली आणि वेळापत्रकाच्या फळ्याकडे बघत राहिले. काकी मात्र वर्षातून एकदा सुके बोंबील घेऊन त्यांच्याकडे जायची. "काय बोलतात?" मी विचारलं होतं. "पावसाचं बोलतो," ती म्हणाली. "वाडीचं नाव काडलं की उठून आत जातो. चांगला मानूस गो. कुनी उतरवलाच नाय त्याला."

आता पळसवाडीचं सांगते, कारण हिराकाकी खरी कळली ती तिथे.

रोह्याच्या अलीकडे डोंगराच्या पोटाशी ही कातकऱ्यांची वाडी. माणसं तिथे कित्येक पिढ्या राहात आलेली, पण पायाखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर. त्या मालकाने ती बाहेरच्या एका बिल्डरला विकली. बिल्डरला गोदामं बांधायची होती. वाडी उठली की त्याचं काम झालं, वाडी राहिली की अडलं. वाडीतल्या माणसांना दुसरी जागा नव्हती. आमच्या वकिलांनी रोह्याच्या कोर्टात अर्ज टाकला होता आणि स्थगिती मिळेपर्यंत फक्त एकच काळजी घ्यायची होती, कुणी येऊन काही पाडू नये.

शिमगा आला. काकीने फर्मान काढलं, शिमग्यात सगळ्यांनी घरी जायचं. "शिमग्याला सायेबबी हापिसात नसतो," ती म्हणाली. खोलीला कुलूप लागलं. फोन डब्यात गेले. मी घरी जाऊन पुरणपोळ्या हाणल्या, खोटं कशाला सांगू.

परत आले तेव्हा फोनवर सोनीच्या नावापुढे न उचललेल्या कॉलची रांग. सोनी वाघमारे पळसवाडीतली, बोलायला फटकळ, आणि उगाच फोन करणारी बाई नव्हे. मी केला. पलीकडून ती एवढंच म्हणाली, "या आता. बघायला या."

वाडीभोवती सिमेंटचे खांब उभे होते. काटेरी तार ओढलेली होती. पाण्याकडे जाणारी पायवाट तारेच्या पलीकडे गेली होती. आठवड्याच्या आत जागा रिकामी करा, नाहीतर मशीन आणतो, असं सांगून माणसं गेली होती. रोह्याशेजारच्या अष्टमी गावाहून प्रकाश आमच्या आधीच येऊन पोचला होता. प्रकाश आमच्यातला सगळ्यात तडफदार. कंपनीतली शिफ्ट सांभाळून तो वाड्यांवर फिरायचा, आणि तापट असा की मोटारसायकलसुद्धा त्याला घाबरून चालू होत असावी. तो तारेपाशी उभा राहून खांब मोजत होता.

काकी आली. सगळी वाडी आंब्याखाली जमली होती. सोनीच पहिली बोलली. "काकी, आमी फोन केले. कोनी नाय उचलला."

"तुझ्या सुट्टीनं वाडी घालवली काकी," प्रकाश म्हणाला. "तुझा बांध, तुझी बारी, तुझा तांदळाचा डबा. घाल आता त्यात ही घरं."

मीही बोलले, आणि जे बोलले ते मला आजही चूक वाटत नाही. माणसं उघड्यावर पडण्याची वेळ आली होती. मला वाटलं काकी नेहमीसारखी फणकारेल, दोन हात करेल. ती खाली बसली. तिने एक काडी उचलली आणि मातीत रेघ ओढली.

"बांध रिकामा ठेवला मी," ती म्हणाली. "तुमाला उतरवलं त्ये बरोबर. चढायला कोन नाय ठेवला. त्ये चुकलं. माझंच चुकलं."

प्रकाशने तिथेच सांगून टाकलं, की आता इथून कुणी हलायचं नाही. झोप नाही, घर नाही, काही नाही. स्थगिती येईपर्यंत आपण सगळे इथे. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकीने आमच्याकडे एकेक करून बघितलं, जशी बाजारात मासळी बघायची तशी, कल्ले उघडून. "एवढेच?" ती म्हणाली. मग उठली, पदर झटकला, आणि पेणची बस धरायला चालू लागली.

मी मागून धावले. "काकी, कुठे निघालीस? आता?"

"घरी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं होऊनही ही बाई घरी निघाली होती. बस आली, ती चढली, खिडकीतून तिने मला एवढंच विचारलं, "सकाली काय खाल्लंस?" मी पाठ फिरवली. बस गेली.

पुढचे दिवस मला आठवायला नको वाटतात. आम्ही मोजकी माणसं, आणि डोळ्याला डोळा नाही. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की सगळे उठून उभे, मग ती दुधाची गाडी निघायची. मी चहात मीठ घातलं आणि त्यावरून माझ्यावर कुणी हसलं तर रडले. वकिलांचा फोन रोज तेच सांगायचा, आज नाही, उद्या बघू, फक्त तिथे काही वेडंवाकडं होऊ देऊ नका. एक दगड जरी उडाला, तरी पोलीस आधी तुम्हालाच उचलतील आणि मागे वाडी साफ होईल. हे वाक्य मी प्रकाशला पुन्हा पुन्हा ऐकवत होते. तो हो म्हणायचा. पण त्याचे डोळे माझ्या मागे कुठेतरी असायचे. त्याने शिफ्टला दांडी मारली होती, जेवण सोडल्यात जमा होतं. एकदा सोनीच्या पोराने त्याच्या पाण्याच्या बाटलीला हात लावला, तर तो त्याच्यावर एवढा खेकसला की पोर घरात पळालं.

"तुमच्यासाठी मरतोय मी इथं!" तो सोनीला म्हणाला.

सोनीने पोराला कडेवर घेतलं. "आमी कवा सांगितलं मरायला?"

काकीचा पत्ता नव्हता. तिचा फोन लागत नव्हता. डब्यात असणार, मी कडवटपणे मनात म्हटलं. आम्हाला सोडून गेली ही, भाऊंसारखी. मला तिचा तिरस्कार वाटत होता, आणि त्याहून जास्त ती हवी होती.

मशीन आलं ते सकाळी ऊन चढताना. पिवळा जेसीबी, त्यामागे माणसांनी भरलेला टेम्पो, आणि त्याच्या मागे पोलिसांची जीप. आम्ही तारेच्या आत ओळीने उभे राहिलो. वाडीतली म्हातारी माणसं घरांच्या दारात बसून राहिली. वकील कोर्टात उभे होते, त्यांनी सांगितलं होतं की आज निकाल लागेल, दुपारपर्यंत ओढा. दुपार लांब होती. जेसीबीचं इंजिन बंद होत नव्हतं, आणि त्या आवाजात कुणाचं बोलणं धड ऐकू येत नव्हतं. फौजदार शांत होता. "मला भांडण नको," तो म्हणाला. "पण तुमच्याकडून काही झालं, तर मग माझा नाइलाज आहे."

बिल्डरचा मुकादम पुढे आला. त्याला हे ऐकायचंच होतं. त्याने तार हलवली, आत उभ्या असलेल्या सोनीकडे बघितलं, आणि तिच्याबद्दल असं काही बोलला जे मी लिहिणार नाही. सोनी जागची हलली नाही. पण माझ्या बाजूला प्रकाश वाकला. उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात दगड होता, मुठीत न मावणारा. मी ओरडले, "प्रकाश!" त्याला ऐकू गेलं नाही. मुकादम हसत होता. फौजदाराने दगड पाहिला आणि मागच्या शिपायांना खूण केली. सगळं गेलं, मला वाटलं. घरं, केस, सोनीचं पोर, सगळं.

आणि मिश्रीचा वास आला.

मागच्या पायवाटेने कधी आली कळलं नाही. प्रकाशच्या अगदी शेजारी, कमरेवर हात. "उतर," हिराकाकी म्हणाली.

"आता?" प्रकाशचा आवाज फाटला. "आता उतरू? तू पळून गेलीस आणि मला सांगतेस उतर?"

"आताच. ह्यो धोंडा तू नाय उचललास. तुझ्या जागरनानं उचललाय."

"मग यांना कोण अडवणार? तू?"

काकीने मागे हात केला. पायवाटेवरून बायका येत होत्या. काकीच्या गावच्या, खाडीकडच्या, डोक्यावर भाकऱ्यांची टोपली, कुणाच्या काखेत चटई, नऊवारी खोचलेल्या. पहाटेच त्या टेम्पो करून निघाल्या होत्या. त्या आल्या आणि तारेपाशी, कातकरी बायकांच्या मधेमधे, शेतावर बसतात तशा फतकल मारून बसल्या. ताज्या, न्हालेल्या, पोटभर जेवलेल्या बायका. त्यांतली एक मुकादमाला म्हणाली, "हां दादा, काय म्हनत व्हतास? परत बोल, आमाला ऐकू नाय आलं." मुकादमाने टेम्पोकडे बघितलं. त्याचं हसू गेलं होतं.

काकीने प्रकाशच्या मनगटाला हात लावला. ओढलं नाही, नुसता ठेवला. "तुला कवाचाच उतरवायला हवा व्हता," ती म्हणाली. दगड खाली पडला. तिने त्याला आंब्याखाली नेलं, भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवली. दोन घास खाल्ले न खाल्ले तोच तो चटईवर आडवा झाला. इंजिन धडधडत होतं, माणसं ओरडत होती, आणि तो घोरत होता.

त्या दिवसांत ती काय करत होती, हे मला मागाहून तिच्या सुनेने सांगितलं. काकी गावातल्या एकेका दाराशी जात होती. कातकऱ्यांसाठी जाऊन बसायचं म्हटल्यावर पहिल्या दिवशी दारं लागली. आपण कुठे, ते कुठे, असं लोक तोंडावर म्हणाले. तिच्या सख्ख्या जावेने पाणीसुद्धा विचारलं नाही. काकी दारातच बसून राहायची. "खांड गेली तवा चिखलाच्या टोपल्या कुनी वायल्या? कातकऱ्यांनीच ना?" ती विचारायची. "त्या टायमाला त्यांचा हात चालला. आता त्यांची खांड गेलीय." चार दारांतून हाकललं तर पाचव्यात बसायची. मग बाऱ्या लावल्या. आज या आळीच्या, उद्या त्या आळीच्या.

त्या दिवशी तारेपाशी सोनीने पाण्याची कळशी बाहेर आणली. पहिला पेला तिने काकीच्या त्याच जावेपुढे धरला, शेवटी तीही आली होती. जाऊ थबकली. पेल्याकडे बघितलं, काकीकडे बघितलं. काकी दुसरीकडेच बघत होती, मुद्दाम. जावेने पेला घेतला आणि प्यायली, आणि मग दुसरा मागितला, कारण ऊन कडक होतं.

दुपार उलटल्यावर वकिलांचा फोन आला. स्थगिती मिळाली होती. आदेशाची प्रत येऊन फौजदाराच्या हातात पडली, त्याने ती सावकाश वाचली, आणि जेसीबीच्या ड्रायव्हरला हाताने इशारा केला. इंजिन बंद झालं. त्या शांततेत कुठलं तरी कोंबडं ओरडलं आणि सगळी वाडी हसली. मी आंब्याकडे धावत सुटले, प्रकाशला उठवायला. काकी मधे आली.

"झोपू दे."

"अगं काकी, जिंकलो आपण!"

"मग त्यो उठल्यावरबी जिकलेलेच असू. हरलो असतो तरी मी उठवू दिला नसता. उद्याला कोन लागंल?"

मी तिच्या गळ्यात पडले. तिला असलं काही आवडत नसे. तिने मला दूर केलं आणि म्हणाली, "केसांना वास येतोय तुझ्या. जा, न्हा."

केस पुढे बराच काळ चालली. बाऱ्याही चालल्या. कातकरी बायका स्वतःच्या बाऱ्या स्वतः लावू लागल्या, तारीख असली की खाडीकडच्याही येत. प्रकाशने कंपनीची नोकरी टिकवली, लग्न केलं, आणि तारेपाशी त्याची बारी संपली की तो मुकाट घरी जाऊ लागला. काकी मात्र मधेच आजारी पडली. पोटात काहीतरी निघालं. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच ठेवा. मी तिला म्हणाले, "काकी, अंतिम सुनावणीला तुला रिक्षाने घेऊन जाते, मागे उशी लावू." तिने अंथरुणातूनच हात हलवला.

"मी उतरलेय गो," ती म्हणाली. "परत चढवू नको."

त्या वेळी मला ते सहन झालं नाही. मी अंगणात जाऊन रडून आले. मला वाटत होतं, हिच्याशिवाय निकाल ऐकणं म्हणजे अर्धा निकाल.

वाडीच्या बाजूने निकाल लागला, त्या दिवशी मी रोह्याहून थेट तिच्या घरी गेले. ती झोपली होती. सून म्हणाली, उठवू का? माझ्या पोटात शब्द मावत नव्हते, तरी मी नको म्हणाले. तिच्या उशाशी बसून राहिले. तिचा श्वास बघत. बाहेर बांधाकडून वारा येत होता. जाग आल्यावर तिने मला ओळखलं. मी सांगितलं, वाडी राहिली. काकी, वाडी आपली राहिली. तिने डोळे मिटले. मला वाटलं पुन्हा झोपली.

"आज वाडीवर कोनाची बारी?" तिने विचारलं.

"सोनीची."

"मग बरं."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

तिच्या गावाची स्मशानभूमी खाडीच्या तोंडाशी आहे, बांधावरून चालत जावं लागतं. बांध अरुंद. तिरडी उचलली तेव्हा पुढचा खांदा प्रकाशने धरला आणि तो काही केल्या सोडेना. माणसं बदलायला पुढे येत होती, तो मान हलवत होता. घामाने निथळत होता, रडत होता, पाय घसरत होते. मी मागून चालत होते. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, पण त्या दिवशी गावातल्या बायकाही निघाल्या होत्या, मला कुणी अडवलं नव्हतं, आणि अडवलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मी चालत पुढे गेले, प्रकाशच्या शेजारी आले. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं.

"उतर," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग खांदा खाली केला. त्याच्या जागी मी शिरले. काकी हलकी झाली होती, तरी ते वजन मला जड वाटलं, आणि मला ते सोडायचं नव्हतं. मनात म्हटलं, आता शेवटपर्यंत. मागे कुजबूज झाली, कुणा म्हाताऱ्याने हरकत घेतली, काकीच्या मुलाने तिकडे लक्ष दिलं नाही. मी चालत राहिले. माझा खांदा भरून आला, पाऊल वाकडं पडलं, मी दात आवळले आणि पुन्हा चालत राहिले.

माझ्या डाव्या हाताला कुणीतरी आलं होतं. सोनी. पळसवाडीहून पहाटेच निघालेली, पाय धुळीने भरलेले. गावातल्या माणसांचे चेहरे ताठ झाले. कातकरी बाईने या गावातल्या तिरडीला खांदा दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. काकीची जाऊ मागून मोठ्याने म्हणाली, "जाऊ द्या तिला पुढं."

"बाय," सोनी मला म्हणाली, "उतर आता."

मी उतरले. बांधाच्या कडेला थांबून कुणीतरी दिलेलं पाणी प्यायले. सोनी पुढे चालली होती, सरळ. मग मीही मागून चालू लागले.